जोडारी



स्मरणिका समितीने माझ्याकडे 'सॉफ्टवेअर क्षेत्रातील बदल' या विषयावर लेख मागितला होता. मी तो लिहायलाही घेतला होता. तेवढ्यात समितीने आपल्या १९९५ च्या दहावीच्या बॅचची यादी तपासायला पाठवली. नाव, गाव, व्यवसाय, संस्थेचे नाव असे रकाने. डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, दोन तहसीलदार आहेत, शिक्षक तर बरेच आहेत. पण आठ-दहा नावांपुढे व्यवसायाच्या रकान्यात नुसती आडवी रेघ. त्यातल्या एकाला मी फोन केला. तो मुलांच्या रांगेत शेवटून दुसऱ्या बाकावर बसायचा. नाव सांगत नाही, कारण तशी त्याचीच अट आहे. म्हणाला, "फिटर आहे मी. पण फॉर्मात कंपनीचं नाव विचारलंय. माझा ठेकेदार वर्षा-सहा महिन्यांत बदलतो. कोणाचं नाव लिहू, सांग?"

मला उत्तर देता आले नाही. म्हणून विषय बदलला. समितीने मोठ्या मनाने परवानगी दिली, त्याबद्दल आभार.

पोलाद कारखान्यातला फिटर कसा घडवला जात असे, त्याची ही थोडक्यात हकीगत आहे. माझे वडील असे घडलेले फिटर आहेत, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे. बाबा भिलाईला नोकरीला होते आणि आजी-आजोबांसाठी आई आम्हाला घेऊन गोंदियात राहिली. साप्ताहिक सुट्टीच्या आदल्या रात्री ते गाडीने यायचे. शाळेमागच्या रुळांवरून मालगाडी गेली की मी मधल्या सुट्टीत ऐटीत सांगायची, "हे रूळ माझ्या बाबांच्या कारखान्यात तयार होतात." रूळ भिलाईचे होते हे खरे. पण बाबा तिथे नेमके काय करतात, हे मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते.

एक विसरलेला शब्द

आयटीआयच्या मराठी कागदपत्रांत प्रत्येक व्यवसायाला सुंदर नाव आहे. टर्नर म्हणजे कातारी, वेल्डर म्हणजे संधाता, इलेक्ट्रिशियन म्हणजे वीजतंत्री आणि फिटर म्हणजे जोडारी. रोजच्या बोलण्यात ही नावे कोणी वापरत नाही. पण 'जोडारी' या शब्दात त्या कामाचा इतिहास आहे. यंत्रांचे सुटे भाग एकसारखे निघू लागण्यापूर्वी प्रत्येक भाग दुसऱ्यात बसवण्यासाठी हाताने घासावा लागे. इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थने १८४० च्या सुमारास दोन गोष्टींचा आग्रह धरला. एक म्हणजे खरोखर सपाट पृष्ठभाग आणि दुसरी म्हणजे सगळीकडे सारखेच आटे. सपाट पत्रा तपासायला आधी एक सपाट पत्रा लागतो, मग पहिला कुठून आणायचा? त्यासाठी तीन पत्रे घ्यायचे आणि आळीपाळीने एकमेकांवर रंग लावून घासत, उंचवटे खरवडत जायचे. दोनच पत्रे असतील तर एक फुगीर आणि दुसरा खोलगट होऊनही ते एकमेकांत छान बसू शकतात. तिसरा आला की लबाडी उघडी पडते. आजही फिटरच्या बाकाशेजारी सरफेस प्लेट आणि निळ्या रंगाचा डबा असतो, तो याच परंपरेतला.

आपल्या देशातल्या पोलादाच्या गोष्टीत आपला विदर्भही आहे, हेही सांगण्यासारखे आहे. नागपूरला एम्प्रेस मिल चालवणाऱ्या जमशेटजी टाटांच्या हाती १८८२ मध्ये एका जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातल्या लोहखनिजावरचा अहवाल आला. लोहाऱ्याचे खनिज आणि वरोऱ्याचा कोळसा यांचा मेळ काही बसला नाही. पण कल्पना डोक्यातून गेली नाही आणि शेवटी कारखाना उभा राहिला तो साकचीला, म्हणजे आजच्या जमशेदपूरला. कंपनी १९०७ ची, पहिले पोलाद १९१२ चे.

तिथे पहिली अडचण माणसांची होती. भट्टीवर आणि रोलिंग मिलवर करारावर आणलेले परदेशी लोक होते आणि त्यांचे पगार भारी होते. त्यांच्या जागी इथली माणसे बसवायची तर ती शिकवायला हवीत. १९२१ मध्ये जमशेदपूरला टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, ती या गरजेतून. १९३८ मध्ये जहांगीर गांधी हे तिथले पहिले भारतीय जनरल मॅनेजर झाले. वरच्या खुर्चीतला हा बदल इतिहासाच्या पुस्तकात येतो. खाली दुरुस्तीच्या बाकावर तोच बदल हजारो हातांतून होत होता. त्याची नोंद कोणी ठेवली नाही.

भिलाई: एकाच वेळी कारखाना आणि कारागीर

२ फेब्रुवारी १९५५ ला भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईचा करार झाला. तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होती, त्याची राजधानी नागपूर होती. दुर्ग, भंडारा, नागपूर हे एकाच राज्यातले जिल्हे होते. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि मध्ये सीमा आली. रेल्वे मात्र तीच राहिली. आपल्याकडची इतकी मुले भिलाईला का गेली, याचे साधे उत्तर हेच आहे. सकाळी गोंदियात गाडी पकडली की दुपारच्या जेवणाआधी दुर्ग.

३ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते राउरकेलाच्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि दुसऱ्याच दिवशी भिलाईच्या. त्याच वर्षी दुर्गापूरही सुरू झाले. राउरकेला जर्मनांच्या, भिलाई रशियनांच्या, तर दुर्गापूर ब्रिटिशांच्या मदतीने. प्रत्येकाची क्षमता सुरुवातीला वर्षाला १० लाख टन. इंजिनिअर परदेशी पाठवून शिकवता आले आणि तसे ते पाठवलेही गेले. पण पंप, कन्व्हेयर, क्रेन, गिअरबॉक्स, व्हॉल्व्ह सांभाळणारे हजारो फिटर कुठून आणायचे? ते शेतकऱ्यांच्या आणि छोट्या गावांतल्या मुलांमधूनच घडवावे लागणार होते. त्यासाठी भिलाईत कारखान्याची स्वतःची टेक्निकल इन्स्टिट्यूट होती.

देशपातळीवर चौकट तयार होत होती. १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय निघू लागल्या. १९५६ मध्ये व्यवसाय प्रशिक्षणाची राष्ट्रीय परिषद स्थापन झाली. आणि १९६१ मध्ये शिकाऊ उमेदवार अधिनियम संमत झाला. त्याआधीचा कायदा १८५० चा होता आणि तो मुख्यतः अनाथ व गरीब मुलांना एखाद्या धंद्याला लावून देण्यासाठी होता. नव्या कायद्याने मोठ्या कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचे बंधन घातले. लेखी करार, त्याची सरकारी नोंदणी, विद्यावेतन, ठरलेला अभ्यासक्रम आणि शेवटी अखिल भारतीय व्यवसाय परीक्षा.

फिटरची उमेदवारी त्या काळी तीन वर्षांची असे. आयटीआय करून आलेल्याला त्यात सूट मिळे. बाबा १९६६ मध्ये थेट मॅट्रिकनंतर गेले. वय सतरा, म्हणून करारावर पालक म्हणून आजोबांची सही आहे. तो पिवळा पडलेला कागद बाबांनी अजून जपून ठेवला आहे.

कानस, छिन्नी आणि उजेड

या लेखासाठी मी बाबांसमोर वही घेऊन बसले. ते आता सत्याहत्तर वर्षांचे आहेत आणि त्यांना कमी ऐकू येते, त्यामुळे प्रश्न मोठ्याने विचारावे लागले.

सुरुवात मूलभूत प्रशिक्षणाने. कित्येक महिने कारखान्याची भट्टी दिसतही नाही. समोर बेंच वाइस, त्यात लोखंडाचा तुकडा. आधी छिन्नी. नजर छिन्नीच्या धारेवर ठेवायची, डोक्यावर नाही. हातोडी डोक्यावर आपोआप पडली पाहिजे. ती तशी पडू लागेपर्यंत डाव्या हाताचा अंगठा सुजलेला. मग कानस. उभे कसे राहायचे, डावा पाय कुठे, कानस पुढे जाताना दाब कसा एका हातातून दुसऱ्या हातात सरकतो आणि मागे येताना दाब का सोडायचा. नवशिक्याची कानस झोके खाते आणि पृष्ठभाग मध्ये फुगीर होतो. तो तपासायचा गुण्या लावून, खिडकीकडे धरून. गुण्या आणि लोखंड यांच्यामधून उजेड दिसला की काम परत. "उजेड दिसायला नको, हीच आमची परीक्षा," बाबा म्हणाले. आपल्याकडे सगळी उपमा उजेड दिसण्याची असते, म्हणून हे वाक्य मी लगेच लिहून घेतले.

मग आखणी, ड्रिलिंग, आटे पाडणे आणि शेवटी दोन तुकडे एकमेकांत बसवण्याचा जॉब. एकाला खाच, दुसऱ्याला तसाच उंचवटा. व्हर्नियर कॅलिपरवर मिलिमीटरचा पन्नासावा भाग वाचता येतो. तेवढ्या अंतरावर जॉब पास किंवा नापास. जास्त घासले गेले तर ते लोखंड परत येत नाही. माझ्या कामात चूक झाली की मी एक बटण दाबून मागे जाते. बाबांच्या कामात मागे जायची सोयच नव्हती, त्यामुळे हात थांबवायचा कधी, हेच मुख्य शिक्षण होते.

त्यानंतर प्रत्यक्ष कारखाना. प्रत्येक मुलाला एका जुन्या फिटरच्या हाताखाली दिले जाई. बाबा त्यांना अजून 'उस्ताद' म्हणतात. इथे धडे वेगळे होते. मोटर आणि पंपाचे दांडे एका रेषेत आणायचे, त्यासाठी कपलिंगवर डायल गेज लावून फिरवून बघायचे आणि पायाखाली कागदाएवढ्या पातळ पत्र्याच्या चकत्या घालायच्या. यंत्र गरम चालणारे असेल तर ते तापल्यावर प्रसरण पावून किती वर उचलले जाईल याचा अंदाज घेऊन थंड असताना तितका फरक मुद्दाम ठेवायचा. बेअरिंग दांड्यावर ठोकून बसवायचे नाही; तेलात तापवून, ते फुगले की सरकवायचे आणि निवेपर्यंत धरून ठेवायचे. फार तापवले तर त्याचे पोलाद मऊ पडते, म्हणून तापमानावर लक्ष. चालू बेअरिंगला स्क्रू-ड्रायव्हर टेकवून त्याची मूठ कानाला लावायची आणि आवाजावरून ओळखायचे की हे अजून महिना काढेल की आज रात्रीच बसेल.

झोतभट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षे सलग चालते. त्यामुळे दुरुस्ती ठरवून घेतलेल्या बंद काळातच. काही तास मिळतात. पाने, दोर, सुटे भाग, क्रेन सगळे आधी मांडून ठेवायचे. एक बोल्ट विसरला तर भट्टी थांबून राहते. आणि भट्टीच्या वायूत कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नसतो. वायूच्या जागी एकट्याने जायचे नाही, परवान्याशिवाय हात लावायचा नाही. बाबांच्या उस्तादांनी पहिल्या दिवशी हत्याराला हात लावू दिला नव्हता. आधी बाहेर पडायचे सगळे रस्ते चालून दाखवायला लावले होते.

कायद्यातले एक कलम

आता जे सांगायचे आहे ते जरा अवघड आहे.

१९६१ च्या कायद्यात दोन वाक्ये अशी आहेत की त्यांवर हजारो मुलांचे आयुष्य ठरले. कलम १८ म्हणते की शिकाऊ उमेदवार हा प्रशिक्षणार्थी आहे, कामगार नाही. मूळ कलम २२ चे म्हणणे असे की उमेदवारी पूर्ण झाल्यावर त्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही आणि नोकरी स्वीकारणे उमेदवारावरही बंधनकारक नाही. करारातच तशी अट असेल तर गोष्ट वेगळी.

बाबांच्या करारातही नोकरीची हमी नव्हती. त्यांनी ते कधी वाचलेही नव्हते. वाचायची गरज पडली नाही, कारण तेव्हा भिलाई वाढत होती. १९६७ मध्ये क्षमता २५ लाख टनांवर गेली, १९८८ पर्यंत ४० लाखांवर. कारखान्याला माणसे हवी होती, म्हणून शिकलेल्या मुलाला नोकरी मिळत होती. कायद्याने न दिलेले वचन वाढीने पाळले. गावोगावच्या बापांना वाटले, हाच नियम आहे.

आपली बॅच बाहेर पडली तेव्हा ती वाढ माणसांच्या बाबतीत थांबली होती. पोलाद वाढत होते, पण कायम कामगारांची संख्या कमी होत होती आणि दुरुस्तीची कामे ठेकेदारांकडे जात होती. शिकाऊ उमेदवार घेणे कायद्याने चालूच होते. मुले येत, शिकत, परीक्षा पास होत, प्रमाणपत्र घेऊन परत जात. १९९५ मध्येच, आपण दहावीला होतो त्या वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशच्या राज्य परिवहन महामंडळाच्या प्रकरणात सांगितले की बाकी सर्व बाबी सारख्या असतील तर प्रशिक्षित उमेदवाराला थेट भरतीतल्या माणसापेक्षा प्राधान्य द्यावे आणि उमेदवारीत गेलेला काळ वयोमर्यादेत सोडून द्यावा. निकाल चांगला होता. पण प्राधान्य मिळायला आधी जागा निघावी लागते.

फोनवरचा आपला मित्र याच काळातला. आयटीआय केले, एका पोलाद कारखान्यात उमेदवारी केली, अखिल भारतीय परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाला. मग सात वर्षे भरतीची वाट पाहिली. आज तो शटडाऊनच्या कामांसाठी ठेकेदाराबरोबर राज्याराज्यांत फिरतो. पंचवीस वर्षांचा अनुभव आहे. त्याच्या हाताखाली नवी मुले येतात, पण त्यांना शिकवायला करार नाही, वेळही नाही. शटडाऊन संपला की टोळी पांगते. २०१४ मध्ये कायद्यात मोठ्या दुरुस्त्या झाल्या. उमेदवारांना घेण्याचे धोरण ज्याने त्याने ठरवावे, असे झाले. २०१९ च्या नियमांत आयटीआय प्रमाणपत्र असलेल्याचे किमान विद्यावेतन महिना ७,००० रुपये झाले. शिकवण्याची बाजू कायदा सुधारत गेला, पण शिकल्यानंतरचा प्रश्न जिथे होता तिथेच राहिला.

मुलींबद्दलही एक वाक्य लिहायला हवे. उमेदवारीच्या कायद्यात मुलींना बंदी नव्हती. पण कारखाना अधिनियम १९४८ प्रमाणे स्त्रियांना रात्री कारखान्यात काम करता येत नसे आणि पोलाद तर तीन पाळ्यांत चालते. फिटर व्हावे असे आपल्या वर्गातल्या एकाही मुलीच्या मनात आले नाही. माझ्याही नाही, आणि माझ्या तर घरात फिटर होता.

वीस रुपयांचा जॉब

शेवटी माझा कबुलीजबाब. इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला वर्कशॉप असते. त्यात फिटिंगचा एक जॉब करावा लागतो. बाबांनी केला होता तसाच, फक्त सोपा. आमच्या कॉलेजात तो तयार मिळायचा, वीस रुपयांना. मी विकत घेतला. दहापैकी आठ गुण मिळाले. सुट्टीत घरी आल्यावर मी ही गंमत म्हणून सांगितली आणि तो तुकडा पिशवीतून काढून दाखवला.

बाबा रागावतील असे वाटले होते. त्यांनी तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, दोन्ही तुकडे एकमेकांत घातले, काढले, खिडकीकडे धरून पाहिले. मग विचारले, "चांगला हात आहे. कोणी केला?"

मला माहीत नव्हते. वर्कशॉपमध्ये निळ्या कपड्यांत एक माणूस असायचा, बहुतेक तोच. त्याचे नाव मी विचारले नव्हते. बाबांनी जॉब माझ्या हातात परत दिला आणि पेपर वाचायला घेतला.

शाळेत आपल्यातला जो गणितात मागे पडे त्याला "आयटीआयला जाशील" असे म्हणायची पद्धत होती. मीही म्हटले आहे. ज्यांना म्हटले, त्यांच्यातल्या काहींनी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाचे गणित हाताने सोडवले आणि त्यांच्या कामावरून रोज गाड्या धावतात. ते कार्यक्रमाला आले तर मला त्यांची माफी मागायची आहे. आले नाहीत तर हा लेख पोचेलच.

समितीला एक विनंती केली होती आणि तिने ती मान्य केली आहे. यादीत आता 'संस्थेचे नाव' हा रकाना नाही. त्या मित्राला मी पुन्हा फोन केला आणि विचारले, मग काय लिहायचे? तो भट्टीच्या कामावर होता, मागे खूप आवाज होता. थोडा वेळ थांबून म्हणाला, "ते मराठी नाव काय सांगितलं होतंस? तेच लिही."

यादीत त्याच्या नावापुढे लिहिले आहे: जोडारी.